काचपेटीतील समुद्र आणि शेवाळ

वडूज गावी समुद्र नाही, हे भूगोल न शिकलेल्या माणसासही सांगावे लागत नाही. येरळा आहे, पण तीही वर्षातील कित्येक महिने वाळूचीच नदी असते, आणि खाऱ्या पाण्याचे दर्शन घ्यावयाचे तर सह्याद्री उतरून कोकणात जावे लागते. असे असता गेली दोन वर्षे आमच्या ओसरीलगतच्या खोलीत एक लहानसा समुद्र नांदत आहे, व त्याने आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबास जेवढे भांडावयास लावले तेवढे वाटणीच्या प्रश्नानेही कधी लावले नव्हते.

या सदरात मी सहसा मुलांचे पाठांतर, अक्षरवळण, जुन्या पोथ्या कसरीपासून राखणे असल्या विषयांवर लिहीत असतो. परंतु गेल्या महिन्यात मिरजेहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या चिरंजीवांनी हौसेने समुद्री माशांची काचपेटी आणली. तिच्यात हिरव्या केसांसारखे शेवाळ माजले. आता सासरे म्हणतात, ‘ही घाण बाहेर काढा,’ चिरंजीव म्हणतात, ‘औषध मागवतो,’ आणि त्या स्वतः दोहोंच्या मध्ये सापडल्या आहेत. ‘गुरुजी, आपल्या घरीही अशी पेटी आहे असे मागे आपण लिहिले होते, तरी मार्ग सांगावा,’ असा त्यांचा आग्रह. त्यांस उत्तर देण्याचा मला जो काही अधिकार आहे तो एका मोठ्या चुकीतून मिळालेला आहे. ती चूक पुढे यथास्थित सांगेनच.

ही पेटी माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाची. तो पुण्याच्या एका कंपनीचे संगणकाचे काम घरी बसूनच करतो. २०२३ सालच्या दिवाळीत त्याने तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशी पेटी आणली. तीत सुमारे १८० लिटर पाणी मावते. पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार घालावे लागतात. आणि हे क्षार म्हणजे आपले स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराईड यांचाच भाग ८५ टक्क्यांच्या आसपास असला तरी उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी जे असते त्यावाचून प्रवाळ जगत नाही. तेव्हा तयार मिश्रणाची पिशवी येते, व तिची किंमत ऐकून आमच्या भावजयीने प्रथम जे उद्गार काढले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

प्रवाळासंबंधी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, व २००१ सालापासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादी जाती वाघाच्याच पंक्तीस, म्हणजे पहिल्या अनुसूचीत, बसविल्या आहेत. समुद्रातून तोडून आणलेला ‘जिवंत दगड’ कोणी स्वस्तात देऊ लागल्यास तो घेऊ नये; तो गुन्हा आहे. आमच्या मुलाने भाजलेल्या मातीचे कृत्रिम दगड घेतले, व त्यांवर मऊ जातीच्या प्रवाळांचे, दुसऱ्या हौशी माणसाच्या पेटीत वाढलेले, तुकडे लावले. शिवाय दोन क्लाऊन मासे, एक ब्लेनी, पाच गोगलगायी, शंखात राहणारे दोन खेकडे आणि एक कोळंबी. क्लाऊन मासेही पैदास केलेले मिळतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखविली आहे.

आता शेवाळ. अमरकोशाच्या वारिवर्गात जलनीली, शैवाल व शैवल अशी तीन नावे दिली आहेत. मराठीत आपण पाण्यातील प्रत्येक बुळबुळीत वस्तूस शेवाळ म्हणून मोकळे होतो. परंतु पेटी राखणाऱ्यास थोडा विवेक करावा लागतो. नवीन पेटीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी धूळ बसते. ते डायाटम. पाण्यातील व वाळूतील सिलिका खाऊन ते वाढतात, आणि ती संपली की बहुधा आपोआप ओसरतात. त्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. कधी तांबडी किंवा जांभळट साय पसरते व तिच्यात बुडबुडे अडकलेले दिसतात. ते खरे शैवलच नव्हे, तर सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू होत. इंग्रजी शास्त्रात त्यांचे नाव निळेपणावरून पडलेले आहे, व ते पाहून मला अमरसिंहाच्या ‘जलनीली’ या शब्दाचा फार आनंद झाला. तिसरे ते हिरवे, केसाळ, दगडास चिकटून लोंबणारे. मिरजेच्या भगिनींस छळणारे ते हेच, आणि आमच्याकडे २०२४ च्या वैशाखात माजले तेही हेच. प्रवाळांच्या छत्र्यांवर त्याचे झुपके पडू लागले, आणि ज्या प्रवाळावर ते बसे ते मिटून जाई.

घरात सल्ल्यांस तोटा नव्हता. आमच्या बंधूंचे मत, पेटी उन्हात ठेवावी म्हणजे शेवाळ जळेल. वास्तविक ऊन हेच त्याचे अन्न शिजविणारे साधन. भावजयीचे मत, पेटी विकावी. मला मात्र आजोळचा आड आठवला. उन्हाळ्यात त्या आडाच्या पाण्यावर हिरवा तवंग येई, तेव्हा माझे मामा मोरचुदाचा खडा फडक्यात बांधून दोरीने आत सोडीत आणि चार-सहा फेरे फिरवून वर ओढून घेत. दोन दिवसांत पाणी निवळे. ही काही अडाण्यांची रीत नव्हे. १९०४ साली मूर व केलरमन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळ्यांतील शेवाळ मारण्याची जी कृती तेथील शेतकी खात्याच्या पत्रिकेत प्रसिद्ध केली ती जवळजवळ हीच होती. आणि मोरचूद आमच्या भागात कोणाकडे नाही? द्राक्षे व डाळिंबे लावणारा प्रत्येक बागाईतदार बोर्डो मिश्रणासाठी तो बाळगतोच.

एके दिवशी पुतण्या कामानिमित्त साताऱ्यास गेला असता मी शेजारच्या बागाईतदाराकडून हरभऱ्याएवढा खडा मागून आणला, स्वच्छ फडक्यात बांधला, आणि मामांप्रमाणेच पेटीच्या पाण्यातून हळूहळू चार फेरे फिरविला. खडा निम्मा विरघळला असेल. उरलेला कागदात गुंडाळून ठेवला, हात धुतले, व वामकुक्षीस गेलो.

दिवेलागणीस धाकटी नात धावत आली. ‘आजोबा, गोगलगायी पडल्या!’ पाहतो तो पाचही गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर उताण्या पडलेल्या. खेकड्यांपैकी एक शंख सोडून बाहेर येऊन निपचित झाला होता. कोळंबी पांढरी पडली होती. प्रवाळे इतकी आक्रसली होती की दगडावर काही लावले होते हे सांगूनही खरे वाटले नसते. मासे तेवढे वरच्या थराला तोंड लावून श्वास ओढीत होते.

पुतण्या रात्री नऊस आला. पेटीकडे पाहून त्याने मला एवढेच विचारले, ‘काका, यात काय घातलंत?’ मी सांगितले. तो काही बोलला नाही. मध्यरात्र उलटेपर्यंत तो पाणी उपसत व नवे भरीत राहिला, कोळशाची पिशवी आत टांगली, आणि मासे वाचविले. मी बादल्या उचलून देत होतो. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

पुढे त्याने समजावून सांगितले तेव्हा मला कळले की मासे आणि हे कवचाचे जीव यांची सहनशक्ती अगदी वेगळी असते. माशांच्या एका रोगावर तांबे हेच औषध देतात, लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम एवढे तोलून. परंतु तेवढ्यानेही गोगलगाय व कोळंबी मरते. मी तर त्याहून किती तरी अधिक घातले होते. विचित्र गोष्ट अशी की, गोगलगाय, खेकडा, कोळंबी यांच्या रक्तातच तांबे असते. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त द्रव्य करते, यांच्यात तांबेयुक्त हिमोसायनिन करते. ज्यावर ते जगतात त्याच्याच आधिक्याने ते मेले. आणि प्रवाळाची गोष्ट याहूनही विचार करावयास लावणारी. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवल राहते, प्रकाशावर अन्न तयार करते, व त्यातील मोठा वाटा घरमालकास देते. त्याचा रंग पुष्कळ अंशी या भाडेकरूचा असतो. समुद्र फार तापला म्हणजे हे भाडेकरू बाहेर पडतात, आणि प्रवाळ पांढरे पडून उपाशी मरू लागते. म्हणजे शैवलमात्राचा नाश करणारे औषध सापडलेच, तर ते प्रथम प्रवाळाच्या स्वयंपाकघरातच शिरावयाचे.

दगड व वाळू यांत तांबे मुरते आणि मागाहून सुटत राहते, म्हणून तीही टाकून द्यावी लागली. आषाढात पेटी पुन्हा कोरी मांडली. माशांखेरीज जुने काही राहिले नाही. आणि गणपती येण्याच्या सुमारास, मांडल्यापासून सहाव्या आठवड्यात, नव्या दगडांवर पुन्हा हिरवे केस दिसू लागले.

त्या दिवशी मला तर्कसंग्रहाची आठवण झाली. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास आम्ही मुलांस शिकवितो. धूर हातांनी वारून अग्नी विझवावा असे काही तेथे लिहिलेले नाही. मी आजवर धूरच वारीत होतो. शेवाळ हे कार्य. त्याचे कारण पाण्यात विरघळलेले अन्न, विशेषतः नायट्रेट व फॉस्फेट. ते कोठून येते, हे शोधावयास हवे होते. मग मी वही घेऊन पेटीसमोर तीन दिवस बसलो. निवृत्त शिक्षकास वेळेची ददात नसते.

वहीत जे उतरले ते असे. सकाळी पूजा झाल्यावर मातोश्री माशांस चिमूटभर खाद्य घालीत. चहानंतर मी घाली. बंधू कामावर निघताना घालीत. भावजय ते गेल्यावर घाली, कारण त्यांनी घातले की नाही याची तिला खात्री नसे. दोन्ही मुले शाळेतून आली की एकेक चिमूट. आणि रात्री पुतण्या, ज्याची पेटी, तो रीतसर एक वेळ घाली व समजे की मासे दिवसाकाठी एकदाच जेवतात! तीन लहान माशांस सात माणसे भरवीत होती. एकत्र कुटुंबाचे मी जन्मभर गुण गाइले, पण त्याचा हा परिणाम ध्यानात आला नव्हता.

स्वयंपाकघरातील काट्यावर दहा चिमटी तोलल्या. दोन ग्रॅम भरल्या. म्हणजे चिमटीस ०.२ ग्रॅम, व सात चिमटींचे रोजचे १.४ ग्रॅम, मुलांचा हात सैल म्हणून दीड धरू. माशांच्या कोरड्या खाद्यात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे एक टक्का असते. दीड ग्रॅमात १५ मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजेच फॉस्फेटच्या रूपाने सुमारे ४६ मिलिग्रॅम. १८० लिटर पाण्यात ते पसरले तर लिटरला ०.२५ मिलिग्रॅम झाले, आणि हे एका दिवसाचे. पेट्या राखणारे जाणते लोक फॉस्फेट एकंदरीत लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत राखण्याची खटपट करतात. काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही गाळात बसतो, हे मान्य. तथापि हिशेब डोळे उघडणारा आहे. शिवाय आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखविले की समुद्रातील सूक्ष्म तरंगत्या जीवांच्या देहात कार्बन, नत्र व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण मोठ्या नियमितपणाने आढळते. ते १०६, १६ व १ असे धरतात. वजनात मांडल्यास फॉस्फरसच्या एका मिलिग्रॅमवर कार्बनचे ४१ मिलिग्रॅम उभे राहतात. दगडावरील शेवाळात तर फॉस्फरस याहूनही थोडा पुरतो. चिमूट लहान आणि पीक मोठे ते यामुळे.

रोग कळला, पथ्य कोणी सांगावे हा प्रश्न उरला. मुलांस व मोठ्यांस सांगणे सोपे होते. मातोश्रींस सांगणे सोपे नव्हते. त्यांचे वय ८८. गुडघ्यांमुळे देवळात जाणे सुटले, डोळ्यांमुळे पोथी सुटली. सकाळी त्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसणे आणि मासे वर आले की त्यांच्याशी दोन शब्द बोलणे हा त्यांचा दिवसातील सर्वांत मोठा विरंगुळा. वडीलधारा म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘माहुलीस संगमावर जन्मभर कुरमुरे टाकीत आले मी. तिथे कोणी शेवाळ मोजलं होतं का?’

मी म्हटले, ‘आई, तिथे कृष्णा वाहते. इथे टाकलेले इथेच राहते.’ त्यांनी उत्तर दिले नाही. दोन दिवस त्या त्या खोलीत गेल्या नाहीत. खुर्ची तशीच होती. घरात कोणासच जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने, मला न विचारता, वैद्य बांधतात तशा कागदाच्या सात पुड्या बांधल्या. प्रत्येकीत बरोबर ०.२ ग्रॅम. त्या एका डबीत घालून तो आजीपुढे बसला व म्हणाला, ‘आजी, आजपासून माशांना फक्त तूच घालायचंस. रोज एक पुडी. मीसुद्धा घालणार नाही.’ त्यांनी डबी उघडून पुड्या मोजल्या आणि विचारले, ‘आणि तुझ्या काकांनी चोरून घातलं तर?’ तेव्हापासून डबी त्यांच्या उशाशी असते, आणि दर रविवारी ती भरून घेतली जाते. आम्हा इतर सर्वांचा अधिकार गेला.

शेवाळ लगेच हटले असे मुळीच नव्हे. पहिला महिनाभर काहीच फरक दिसला नाही, कारण मागील अन्न दगडांत व गाळात साठलेले होते. येथे एक फसगत होते, ती भगिनींनी ध्यानात ठेवावी. चाचणीच्या नळीत फॉस्फेट शून्य दिसते आणि डोळ्यांसमोर शेवाळ तर वाढत असते. पाण्यात ते नसते, कारण पाण्यात आले की शेवाळ ते खाऊन टाकते. शेवाळ हीच त्या वेळी त्याची कोठी. म्हणून ते हातांनी उपटून पेटीबाहेर काढणे यात दुहेरी लाभ आहे. झुपका गेला की त्याच्याबरोबर कोठीही गेली. जुन्या दातांच्या ब्रशाने दगड घासावा व त्याच वेळी रबरी नळीने सुटलेले तंतू बादलीत ओढून घ्यावे. नुसते घासून पाण्यात सोडल्यास प्रत्येक तुकडा नवे बिऱ्हाड करतो.

पाण्याविषयी आमच्या गावापुरते विशेष बोलले पाहिजे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत असावे अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. पेटीत ते दहाच्या आत असलेले बरे. तेव्हा माणसास चालणारे विहिरीचे वा बोअरचे पाणी प्रवाळास चालेलच असे नाही, कारण शेतातील खतांचा अंश त्यात उतरलेला असतो. म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे लागते, आणि ते यंत्र एक लिटर शुद्ध देताना तीनएक लिटर टाकून देते. आठवड्यास पाणी बदलण्यास व उडालेले भरून काढण्यास मिळून चाळीस लिटर लागतात, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास वाया. ज्या खटाव तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तेथे माशांसाठी हे पाणी गटारात सोडणे मला पाप वाटले, व मी तसे बोललोही. आता ते पिंपात साठवून धुणीभांडी, फरशी व शौचकूप यांस वापरतो; नळाचे तेवढे वाचते. पेटीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांस घालावयाचे नाही, तुळशीस तर नाहीच. सांगलीकडील क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस याचे कारण सांगावयास नको.

बाकीचे उपाय थोडक्यात. पेटीवर खिडकीचे ऊन येऊ देऊ नये; एलईडी दिवे दिवसास आठ तासच लावावे, तेही घड्याळाच्या खटक्यावर, माणसाच्या आठवणीवर नव्हे. फेस काढणारे यंत्र असते, त्यास दुकानदार प्रोटीन स्किमर म्हणतात. त्याचे काम ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्यास एका वाक्यात कळेल: काहिलीतील रसावर मळी येते व ती गुळव्या काढून टाकतो, तद्वत् हे यंत्र बारीक बुडबुड्यांवर पाण्यातील मळी चढवून वरच्या वाटीत गोळा करते. ती वाटी दोन-तीन दिवसांनी धुवावी. तिच्या वासाने यंत्राची उपयुक्तता तत्काळ पटते. तांबड्या सायीवर काही जण जंतुनाशक गोळ्या घालतात. माणसांची ती औषधे माशांच्या पेटीत घालून उपयोगी जीवाणूही मारावे, हे मला तरी पसंत नाही. तसेच फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचाही अट्टाहास नसावा. प्रवाळासही थोडे अन्न लागते, आणि फार निःसत्त्व पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे आणखी चिवट, गोगलगायींस बाधणारे जीव माजतात.

काही हौशी लोक शेजारच्या लहान पेटीत निरुपद्रवी शेवाळ मुद्दाम वाढवितात, म्हणजे ते अन्न खाते व उपद्रवी शेवाळास उरत नाही. युक्ती चांगली आहे. आमच्याकडेही दोऱ्याच्या गुंत्यासारखे दिसणारे चिटोमॉर्फा आहे. मात्र कापलेला भाग नदी-समुद्रात न टाकता वाळवून टाकावा. भूमध्य समुद्रात १९८४ साली मोनॅकोच्या मत्स्यालयापाशी कॉलर्पा जातीच्या शेवाळाचा चौरस मीटरभर तुकडा दिसला होता. पुढील वीस वर्षांच्या आतच ते हजारो एकर समुद्रतळावर पसरले.

गोगलगायींचे महत्त्व मला त्या मेल्यावर कळले. मोठ्या समुद्रातही असेच घडले आहे. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळू एका साथीत जवळजवळ सर्व मेले. शेवाळ चरणारे मासे जमैकाजवळ माणसांनी आधीच पकडून संपविले होते. चरणारे कोणी उरले नाही. वादळांनी मोडलेले प्रवाळ पुन्हा धरू शकले नाही, आणि जेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, तेथे १९९० नंतर पाच टक्केही उरला नाही. बाकी सारे शेवाळ. आपल्याकडे मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, व १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. तेथे जाणाऱ्या मंडळींनी खडकावर पाय देऊन उभे राहू नये, आणि होडीवाल्याने ‘आठवण’ म्हणून तुकडा देऊ केल्यास तो घेऊ नये, एवढे आपल्या हातचे आहे.

शेवाळाचा मला राग उरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. येरळवाडीच्या तलावावर रोहित पक्षी उतरले की आम्ही सहकुटुंब पाहावयास जातो. त्यांच्या पंखांचा तो गुलाबी रंगही मुळात शैवलातून, ते खाणाऱ्या बारीक जीवांच्या द्वारा, आलेला असतो.

मिरजेच्या भगिनींनी आधी औषधाची मागणी रद्द करावी. मग तीन दिवस कोणास न सांगता, पेटीत कोण कोण काय घालतो, याची नोंद ठेवावी. तांब्याच्या भांड्याने पेटीत पाणी भरीत असतील तर ते भांडे बदलावे. आणि पुड्यांची डबी आपल्या सासऱ्यांच्या स्वाधीन करून पाहावी. ज्यांना आज ती घाण वाटते त्यांच्याच हाती ती द्यावी असे मला वाटते.

आमच्या पेटीत दहा आठवड्यांनी दगड दिसू लागले. एका कोपऱ्यात अजून थोडे हिरवे आहे. ते ब्लेनीच्या वाट्याचे म्हणून आम्ही ठेवले आहे. नवीन गोगलगायी आणावयास पुतण्या वर्षभर तयार नव्हता. अखेर गेल्या महिन्यात दोनच आणल्या. पहिल्या रात्री मी दोनदा उठून विजेरीने पाहून आलो. दोन्ही काचेवर होत्या. पुढे कोळंबीही आणण्याचा विचार आहे, आणि तिच्यासाठी पुडी वेगळी बांधावी की त्यातच भागवावे, याविषयी मातोश्रींनी आतापासूनच विचारणा चालविली आहे.